पुन्हा बेंचवर

कारखान्यात मोजमापासाठी जी साधनं वापरतात, मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज, ती स्वतः बरोबर मोजतात की नाही हे तपासणं हे माझं काम. याला कॅलिब्रेशन म्हणतात. डिप्लोमा झाल्यावर सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टँडर्ड्स रूममध्ये, म्हणजे साधनं तपासण्याच्या खोलीत, लागले, तिथेच चढत चढत मॅनेजर झाले, आणि तो विभाग बंद झाल्यावर तिथूनच बाहेर पडले. आज दुसऱ्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये पुन्हा बेंचवर, म्हणजे साधनं हातात घेऊन तपासायच्या टेबलाशी, बसते. मधला काळ कठीण गेला. नोकरी कशी शोधायची याचे सल्ले त्या काळात भरपूर मिळाले. पण आपल्याला नेमकं कोणतं काम हवंय हे ओळखायचं कसं, हे सांगणारं माणूस विरळा भेटलं. म्हणून लिहिते आहे.

आधी बेंचवरच्या कामाबद्दल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. 25 मिलिमीटरपर्यंतचा साधा मायक्रोमीटर तपासायचा तर त्याची दोन्ही तोंडं स्वच्छ पुसायची, टोकाची रॅचेट नावाची घुंडी फिरवून शून्य बघायचं, मग ठरावीक मापाचे स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे, एकेक करून त्यात धरायचे आणि रीडिंग लिहायचं. ही मापं असतात 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9 अशी, पार 25 पर्यंत. नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, सरळ 5, 10, 15 का नाही घेत? कारण मायक्रोमीटरच्या स्क्रूचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नुसते पूर्ण आकडे घेतले तर थिंबल, म्हणजे स्क्रूबरोबर फिरणारी खुणांची नळी, दर वेळी फिरून त्याच जागी येऊन थांबतं, आणि फेऱ्याच्या मधल्या भागात काही दोष असला तर तो कधी दिसतच नाही. असे आडनिडे आकडे घेतले की थिंबल वेगवेगळ्या जागी थांबतं आणि दोष लपत नाही.

हे मला शिकवलं आमच्या शॉपवरच्या एका ज्येष्ठ टेक्निशियनने. सगळे त्यांना काका म्हणायचे. खोली 20 अंश सेल्सिअसला का ठेवतात, तेही त्यांनीच सांगितलं. लांबीच्या मोजमापासाठी हे तापमान 1931 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि अजून तेच आहे. 100 मिलिमीटरचा पोलादी गेज एका अंशाने तापला की एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, थोडा जास्त वाढतो. नुसता हातात धरून ठेवला तरी वाढतो. मी घाईने रीडिंग घ्यायला लागले की काका म्हणायचे, ‘‘पोरी, थांब. त्याला गार होऊ दे, मग विचार त्याला.’’ त्या खोलीत तास कसे जायचे कळायचं नाही. संध्याकाळी टेबलावर तपासलेली साधनं ओळीने ठेवलेली असायची, प्रत्येकाला नवं लेबल. सकाळी ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता, त्याच्यावर आता ठेवता येतो, एवढं माझ्या हातून झालेलं असायचं.

मग बढती आली. मी ती मागितली नव्हती, पण नको म्हणावं असंही मनात आलं नाही. चांगलं काम करणाऱ्याला वर न्यायचं, आणि वर जाणं म्हणजे ज्या कामात तो चांगला आहे तेच सोडून देणं, अशी बहुतेक ठिकाणची रचना असते. घरी सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पगार वाढला, केबिन मिळाली. माझा दिवस मात्र पूर्ण बदलला. सकाळी उत्पादनाची मीटिंग, मग ग्राहकांच्या तक्रारींची उत्तरं, ऑडिटची तयारी. एखाद्या बॅचचं रिजेक्शन कोणाच्या खात्यावर टाकायचं यावरून दोन विभागांची जुंपायची, ती मिटवायची. स्टँडर्ड्स रूमच्या दारातून मी रोज जायचे, आत जायला कारण उरलं नव्हतं.

पहिलं वर्ष नवेपणात गेलं. त्यानंतर हळूहळू एक वेगळाच थकवा येऊ लागला. झोप पुरेशी होऊनही सकाळी अंग उचलायचं नाही. मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत असायची, शब्द कानावर पडायचे, आत पोचायचे नाहीत. ईमेल उघडायच्या आधीच चीड यायची. आपलं काम एवढं महत्त्वाचं आहे का, असा प्रश्न मी स्वतःला विचारायला लागले. बेंचवर असताना असं कधी मनात आलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेले, तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर भले होते. त्यांनी कामाबद्दल सविस्तर विचारलं आणि एका करिअर समुपदेशक बाईंचं नाव दिलं. मी तेव्हा गेले नाही, कारण वेळ नव्हता. वेळ पुढे नोकरीच जाऊन मिळाला.

त्या बाईंकडे नंतर गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या अवस्थेला नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली, त्यात बर्नआउटचा समावेश आहे. आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. कामाचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याचा नीट निचरा झाला नाही की ती येते. तिच्या तीन खुणा तिथे दिल्या आहेत. शक्ती संपल्यासारखी वाटणं ही एक. कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं ही दुसरी. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं ही तिसरी. हे ऐकलं आणि मागची वर्षं डोळ्यांसमोरून गेली. सुट्टी घेतली की पहिली खूण ओसरायची. म्हणून मला वाटायचं, आराम हवा आहे. पण परत आल्यावर दुसरी आणि तिसरी जशीच्या तशी असायची. ज्यांना सुट्टीवरून परतल्यावर दोन दिवसांत पुन्हा तसंच वाटतं, त्यांनी आरामाच्या पलीकडे जाऊन बघावं असं मी मनापासून सांगेन.

विभाग बंद झाला तो आमच्यापैकी कोणाच्या कामामुळे नाही. साधनं तपासण्याचं काम बाहेरच्या लॅबकडून करून घेणं कंपनीला सोयीचं वाटलं. एचआरने बोलावलं, पत्र दिलं, नोटीस पिरिअड सांगितला. बोलणं सभ्यपणे झालं. बाहेर आल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच भीती वाटली, कारण घराचे हप्ते चालू होते आणि मुलीचं शिक्षण समोर होतं.

त्याच आठवड्यात नवरा आणि मी वही घेऊन बसलो. दर महिन्याला न चुकता लागणारा खर्च किती, टाळता येईल असा किती, साठवलेल्या पैशांत किती महिने निघतील, आणि नवीन नोकरीत किमान किती मिळालं तर घर चालेल. शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा ठरला. तो माझ्या जुन्या पगारापेक्षा बराच खाली होता. तोवर माझ्या डोक्यात असं पक्कं होतं की जुन्या पगाराच्या खाली जाणं म्हणजे घसरणं. गरज आणि सवय यांच्यातलं अंतर कागदावर दिसलं, आणि जी कामं मी विचारातही घेतली नसती ती घ्यायला मोकळी झाले. नोकरी गेलेल्या प्रत्येकाने बायोडेटाला हात लावायच्या आधी हा आकडा काढावा. तो घरच्यांसोबत काढावा, एकट्याने नाही.

पैशांचा हिशेब लागला तरी दिवसांचा लागत नव्हता. वेळच वेळ होता आणि काही होत नव्हतं. अर्ज करायला बसायचं म्हणता म्हणता दुपार व्हायची. वाचायची म्हणून काढलेली पुस्तकं तशीच पडून. ताई समाजशास्त्र शिकवते. तिच्याशी फोनवर बोलताना मी म्हटलं, ‘‘एवढा वेळ आहे आणि मला साधं वाचनही होत नाही. मी आळशी झालेय का गं?’’ तिने मला मारिएनथालबद्दल सांगितलं. ऑस्ट्रियातलं हे एक गाव, व्हिएन्नापासून जवळ. तिथली कापडगिरणी मंदीच्या काळात बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचं जगणं बारकाईने टिपलं, तो अभ्यास 1933 साली प्रसिद्ध झाला. गावात वाचनालय होतं. लोकांना आता हवा तेवढा वेळ होता. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. रस्त्यावरून जाणारे पुरुष पूर्वीपेक्षा हळू चालायचे, मध्येच थांबायचे. घड्याळ बाळगायचंही अनेकांनी सोडून दिलं होतं. पुढे याहोदाने मांडलं की काम पगाराखेरीजही बरंच काही देतं: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, कशात तरी सामील असल्याची जाणीव, ओळख, आणि नियमित हालचाल. काम गेलं की हे सगळं एकदम जातं.

‘‘हा आळस नाहीये,’’ ताई म्हणाली, ‘‘तुझ्या दिवसाचा सांगाडाच काढून घेतलाय. तो आता तुलाच उभा करावा लागेल.’’ दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी नऊला आवरून टेबलाशी बसू लागले, काम असो वा नसो. दुपारनंतर घराबाहेर पडायचं आणि रोज निदान एका माणसाशी कामाबद्दल बोलायचं, एवढं ठरवून घेतलं. फार मोठं काही नव्हतं हे, पण आठवड्याला पुन्हा वार आले.

समुपदेशक बाईंनी पहिला गृहपाठ दिला तो लिहिण्याचा. नोकरी गेली याबद्दल जे जे वाटतं ते, कोणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, सलग लिहायचं. मला हे फारसं पटलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘मॅडम, मला मुलाखतीची तयारी हवी आहे.’’ तेव्हा त्यांनी 1994 सालचा एक प्रयोग सांगितला. जेम्स पेनेबेकर आणि त्यांचे सहकारी यांनी नोकरी गेलेल्या इंजिनिअर लोकांवर तो केला होता. काहींना नोकरी जाण्याबद्दलच्या भावना लिहायला सांगितलं, काहींना वेळेच्या नियोजनाबद्दल, आणि काहींना काहीच लिहायला सांगितलं नाही. भावना लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या, आणि त्यांनी काही जास्त अर्ज केले होते असंही नाही. बाईंचं म्हणणं असं की मनातला राग मुलाखतीच्या खोलीत आपल्या आधी जाऊन बसतो.

मी लिहिलं. पहिल्या पानांत कंपनीवरचा संताप होता. नंतरच्या पानांत तो कमी होत गेला आणि एक वेगळीच गोष्ट वर आली. विभाग बंद झाल्याचं दुःख मला होतं, पण मॅनेजरची खुर्ची गेल्याचं जवळजवळ नव्हतंच. मला वाईट वाटत होतं ते त्या खोलीचं, ज्यावर ठेवून मोजायचे त्या ग्रॅनाइटच्या सपाट सरफेस प्लेटचं, काकांनी लावून दिलेल्या त्या शिस्तीचं.

यावर बाईंनी दुसरा गृहपाठ दिला. माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच. जुन्या डायऱ्या आणि फोनमधलं कॅलेंडर काढायचं, नोकरीतले नेहमीसारखे गेलेले काही आठवडे निवडायचे आणि प्रत्येक तासात प्रत्यक्षात काय करत होते ते लिहायचं. पद नाही, विभाग नाही. ‘क्वालिटी बघत होते’ असं लिहायचं नाही, ‘दोन विभागांचं भांडण ऐकत होते’ असं लिहायचं. मग त्या तासापुढे खूण करायची: संपल्यावर अंगात जोर राहिला होता की गळून गेला होता.

सगळ्यात आश्चर्य वाटलं ते या यादीचं. मॅनेजर झाल्यानंतरच्या आठवड्यांतसुद्धा जोर देणारे तास होते. एका ग्राहकाचं आणि आमचं माप जुळत नव्हतं, तेव्हा कारण शोधत घालवलेली दुपार. शेवटी कळलं की त्यांच्याकडे भाग मशीनवरून काढल्या काढल्या, गरम असतानाच मोजत होते. नवीन आलेल्या मुलाला अनिश्चिततेचं, म्हणजे मोजलेल्या आकड्यात किती फरक असू शकतो याचं, गणित समजावलेली सकाळ. उलट, ज्या बैठकांत माझं कौतुक झालं होतं त्यातल्या बऱ्याच तासांपुढे गळून गेल्याची खूण होती. मला लोक नको आहेत, मी एकटीने काम करणारी आहे, असं मी गेली काही वर्षं मानत होते. यादी ते खोटं पाडत होती. शिकवताना मला लोक हवेच होते. मला नको होतं ते ज्याचा निकाल माझ्या हातात नाही अशा गोष्टीचा जाब देत बसणं.

बाईंनी मग हॅकमन आणि ओल्डहॅम यांची 1970 च्या दशकातली मांडणी दाखवली. काम माणसाला आतून बांधून ठेवतं ते पाच गोष्टींमुळे, असं ती सांगते. कामात निरनिराळी कौशल्यं वापरायला मिळणं, एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा कोणाला तरी खरा उपयोग असणं, कसं करायचं ते ठरवण्याची मोकळीक असणं, आणि काम जमलं की नाही हे कामातूनच कळणं. मी माझे तास यावर ताडून पाहिले. मॅनेजरच्या कामात विविधता भरपूर होती, उपयोगही होता. पण शेवटपर्यंत आपल्या हातून गेलेली अशी एकही गोष्ट नव्हती आणि जमलं की नाही हे कधी कळायचंच नाही. मायक्रोमीटर तेव्हाच्या तेव्हा सांगतो. माझी गरज इथे होती. आवड, स्वप्न, ध्यास हे शब्द मला कधीच पेलले नाहीत, पण ‘मला कामाचा शेवट बघायला मिळाला पाहिजे’ हे वाक्य मी छातीठोकपणे म्हणू शकत होते. शोधायला तेवढं पुरेसं होतं.

आता अशी कामं कुठे आहेत ते बघायचं होतं. जाहिरातीत हे कळत नाही, तिथे पदाचं नाव आणि जबाबदाऱ्यांची यादी असते. म्हणून माणसांना भेटायला लागले. सुरुवातीला मी विचारायचे, ‘‘तुमच्याकडे काम कसं असतं?’’ आणि उत्तर यायचं, ‘‘छान असतं, शिकायला मिळतं.’’ मग प्रश्न बदलला: ‘‘काल सकाळी आल्यापासून निघेपर्यंत काय काय केलंत?’’ या प्रश्नाला माणूस खरं सांगतो. मोजमापाची यंत्रं विकणाऱ्या कंपनीतल्या एका बाईंचं काम मला दुरून फार आकर्षक वाटत होतं, यंत्रं नवी, प्रवास. त्यांचा कालचा दिवस ऐकला तर त्यातला बराचसा वेळ थकलेली बिलं वसूल करण्यात गेला होता. एका लॅबमधल्या तरुणाने सांगितलं की तो दिवसभर एकाच प्रकारचे प्रेशर गेज तपासतो. तेही मला झेपलं नसतं. ही उत्तरं ऐकून जेवढी वर्षं वाचली असतील तेवढी कोणत्याही अ‍ॅप्टिट्यूड टेस्टने वाचवली नसती.

कोणाला भेटायचं याबद्दलही एक शिकले. जवळच्या मैत्रिणी, जुने सहकारी यांनी जीव तोडून मदत केली, पण त्यांना ज्या जागा माहीत होत्या त्या मलाही माहीत होत्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली नेमकं हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याने खबर दिली त्या माणसाशी तुमची गाठ किती वेळा पडायची. बहुतेकांनी सांगितलं, अधूनमधून किंवा क्वचितच. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात, लांबच्या ओळखी दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतात. माझ्याकडे अशा ओळखींची नावं होती, पण त्यांना फोन करायचा संकोच मोठा होता. काय म्हणतील, काम पडलं तेव्हा आठवण आली. शेवटी मी ठरवलं की नोकरी मागायचीच नाही, त्यांचा कालचा दिवस विचारायचा. संकोच निम्मा झाला, आणि लोक आपल्या कामाबद्दल बोलायला खूश असतात.

खूप वर्षांपूर्वी आमच्याकडे ऑडिटला आलेल्या एका गृहस्थांना असाच फोन केला. त्यांना मी आठवत होते, कारण ऑडिटच्या दिवशी मी त्यांच्याशी एका रीडिंगवरून वाद घातला होता आणि तो वाद त्यांना आवडला होता. त्यांनी एका लॅबचं नाव सांगितलं, जिथे लांबीच्या मोजमापाचा विभाग वाढवत होते. तिथली जाहिरात मी कुठेच पाहिली नव्हती.

त्याआधीच्या मुलाखतींबद्दलही सांगायला हवं, कारण त्या जिव्हारी लागल्या. ‘‘मॅनेजर होतात, मग खाली का येताय?’’ हा प्रश्न सगळीकडे. काही ठिकाणी विचारलाही नाही, नुसतं ‘कळवतो’ म्हणाले. एका ठिकाणी समोरच्याने सरळ सांगितलं, तुम्ही इथे टिकणार नाही, मोठी जागा मिळाली की जाल. घरी येऊन मी खूप रडले. नवरा म्हणाला, ‘‘त्याची शंका बरोबर आहे की नाही ते तू सांग. बरोबर नसेल तर ती दूर कशी करायची ते बघू.’’ मग आम्ही दोघांनी बसून उत्तर तयार केलं. मी जुनी जागा का सोडली किंवा का सुटली यावर दोन वाक्यं, त्यात कोणाची तक्रार नाही. त्यानंतर तासांच्या यादीतली दोन उदाहरणं, गरम भाग मोजल्याचं आणि मुलाला शिकवल्याचं. आणि शेवटी, ‘मला हे काम करायचं आहे, काही दिवस करून दाखवते, मग ठरवा.’

त्या लॅबच्या प्रमुखांनी हे मान्य केलं. ठरलेल्या मोबदल्यावर काही आठवडे काम, मग दोन्ही बाजूंनी विचार. पहिल्या दिवशी त्यांनी समोर एक जुना मायक्रोमीटर ठेवला आणि म्हणाले, ‘‘बघा काय वाटतं.’’ तोंडं पुसली, शून्य घेतलं, ऑप्टिकल पॅरलल, म्हणजे अगदी सपाट काचेची चकती, लावून प्रकाशाखाली दिसणारे पट्टे मोजले. असा प्रत्येक पट्टा म्हणजे साधारण 0.3 मायक्रॉनचा फरक. एका तोंडावर पट्टे एका कडेला दाटले होते, म्हणजे ती कड झिजलेली होती. स्लिप गेज घेताना हात थोडा अडखळत होता. इतक्या वर्षांत नियमही बदलले होते, आयएसओ 17025 या लॅबसाठीच्या मानकाची 2017 ची आवृत्ती आल्यानंतर निर्णयाचे नियम, म्हणजे साधन पास की नापास हे कशावरून ठरवलं ते, रिपोर्टमध्ये कसे लिहायचे ते मी कागदावर ठाऊक असूनही स्वतः केलं नव्हतं. माझ्यापेक्षा वयाने निम्म्या असलेल्या सहकारी मुलीने ते शिकवलं. ‘‘मॅडम, हे असं नाही, असं,’’ ती म्हणायची आणि मी वहीत लिहून घ्यायचे. त्या आठवड्यांत लॅबला मी कळले, तसं मला लॅबही कळली. कामाची घाई केली जात नाही, चुकीचं रीडिंग आलं तर ते दाबत नाहीत, हे मला मुलाखतीच्या तासाभरात कधीच दिसलं नसतं.

पगार जुन्यापेक्षा कमी ठरला, पण वहीतल्या आकड्याच्या वर होता. वर्षातून एक प्रशिक्षण लॅबच्या खर्चाने, असं मी मागून घेतलं आणि ते पत्रात लिहून घेतलं. तोंडी कबूल केलेली कोणतीही गोष्ट पत्रात येईपर्यंत ती मिळाली असं धरू नये.

सगळं गोड झालं असं नाही. जुन्या कंपनीतल्या एका ओळखीच्यांनी समारंभात विचारलं, ‘‘आता काय, टेक्निशियन?’’ तेव्हा लागलं. सणवार, मोठे खर्च यांत पगारातला फरक जाणवतो, आणि नवऱ्याने त्याची एक योजना पुढे ढकलली हे मी विसरत नाही. बेंचवरही कंटाळ्याचे दिवस असतात, एकसारख्या व्हर्नियरचा ढीग आला की असतातच. पण तो कंटाळा संध्याकाळी संपतो, घरी येत नाही. मुलीचं बोलणं आता आत पोचतं. मला याची किंमत पगाराच्या फरकाहून जास्त वाटते, आणि हे मी कोणालाही डोळ्यांत बघून सांगेन.

आलेल्या कामाला थोडा आकारही देता येतो, हे इथे शिकले. साधनं पाठवणाऱ्या कंपन्यांना आम्ही फक्त सर्टिफिकेट द्यायचो. मी सरांना विचारून, जिथे झीज विचित्र दिसते तिथे एक-दोन ओळींची टीप जोडायला सुरुवात केली: अमुक कड झिजली आहे, बहुधा साधन एकाच मापावर सारखं वापरलं जातंय. काही ठिकाणांहून फोन आले, त्यांनी वापर बदलला. आता नवीन मुलांना शिकवायचं कामही माझ्याकडे आहे. 5.1 का, 5 का नाही, हे मी त्यांना आधी सांगत नाही. मायक्रोमीटर हातात देऊन थिंबलकडे बघायला सांगते. कोणाला पाच मिनिटं लागतात, कोणाला दोन दिवस.

गेल्या मूल्यमापनात सरांनी विचारलं, विभागाची इनचार्ज होणार का. या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या जागेवरच्या माणसाचा आठवडा तासातासाने लिहून द्याल का, असं विचारलं. त्यांना आधी नवल वाटलं, पण दिलं. त्यातलं प्रशिक्षण, अनिश्चिततेची गणितं तपासणं आणि रिपोर्टवर सही करणं मी घेतलं. बिलांचा पाठपुरावा आणि दरपत्रकं ऑफिसकडे राहिली. ऑडिटची तयारी मला नको होती, पण ती टळली नाही. मंगळवार आणि शुक्रवारची दुपार कागदांना, बाकी वेळ बेंचला, असं ठरलं आहे. सहा महिन्यांनी माझी तासांची वही घेऊन दोघांनी पुन्हा बसायचं आहे.